खेळाडूचा ट्रेड आणि तुमची बदली: तुलना करायचीच तर पूर्ण करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुसऱ्या शहरातल्या कार्यालयात बदलीचा आदेश आला आहे आणि महिन्याभरात रुजू व्हायचं आहे. मुलांची शाळा आणि जोडीदाराची नोकरी यांचा विषय काढला तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधले खेळाडू रातोरात संघ बदलतात आणि दोन दिवसांत नव्या शहरात मैदानावर उतरतात. व्यावसायिक माणसाने बदलीकडे असंच बघावं." ही तुलना योग्य आहे का, आणि त्यावर काय म्हणायचं?

माझी नोकरीतली बहुतेक वर्षं मनुष्यबळ विभागात गेली. बदल्या, प्रतिनियुक्त्या, कंपन्यांच्या विलीनीकरणानंतर द्यायची नवी नियुक्तिपत्रं हेच माझं काम. खेळाडूंचे करार मी आवडीने वाचते, कारण माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवण्याच्या अटी इतक्या बारकाईने लिहिलेल्या दुसरीकडे फारशा सापडत नाहीत. तुमच्या वरिष्ठांनी तुलनेतली सोयीची बाजू तेवढी घेतली आहे. खेळाडू किती पटकन हलतो हे त्यांनी सांगितलं. त्या हलण्याच्या बदल्यात त्याला काय लिहून मिळालेलं असतं, ते सांगायचं राहिलं.

आधी यंत्रणा समजून घ्या. खेळाडूचा करार एका संघाशी असतो. ट्रेड झाला की तोच करार जसाच्या तसा दुसऱ्या संघाच्या गळ्यात पडतो. पगार, उरलेली वर्षं, बोनसच्या अटी, काहीच बदलत नाही. "आमच्याकडे या जागेला एवढे पैसे देत नाहीत," असं नवा संघ म्हणू शकत नाही. एनबीएच्या प्रमाणित करारानुसार हंगाम चालू असेल तर सूचना मिळाल्यापासून ४८ तासांत, आणि हंगाम नसेल तर आठवड्यात खेळाडूने हजर व्हायचं असतं. त्याच करारात हेही लिहिलेलं आहे की खेळाडूला आणि त्याच्या कुटुंबाला नव्या शहरात हलवण्याचा वाजवी खर्च नव्या संघाने करायचा. तुमच्या वरिष्ठांना ४८ तास आठवले, त्याच्या शेजारचं कलम आठवलं नाही.

नोकरीतल्या बदलीत चित्र उलटं असतं. ट्रेडमध्ये मालक बदलतो आणि अटी टिकतात. बदलीत मालक टिकतो आणि अटी हलू शकतात. शहरानुसार मिळणारा भत्ता कमी होतो, पदनाम तेच राहून काम वेगळं होतं, हाताखालची माणसं जातात, पाळी बदलते. आदेशावर "इतर सर्व अटी पूर्वीप्रमाणे" असं एक वाक्य असतं आणि लोक त्यावर विसंबतात. पण पूर्वीच्या अटी नेमक्या कोणत्या, हे कागदावर कुठेच नसतं. त्यामुळे सहा महिन्यांनी वाद झाला की दाखवायला काही उरत नाही.

दोन्हींत जड काय? कायद्याने परंपरेने मालक बदलण्याला जास्त गंभीर मानलं आहे. १९४० साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे, नोक्स नावाच्या खाणकामगाराचा खटला आला होता. तो ज्या खाण कंपनीत होता ती एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. त्यानंतर तो कामावर गैरहजर राहिला म्हणून त्याच्यावर कारवाई झाली. त्याचं म्हणणं होतं की नव्या कंपनीशी माझा करारच नाही. न्यायालयाने ते मान्य केलं. लॉर्ड ॲटकिन यांनी निकालात म्हटलं की कोणाकडे चाकरी करायची हे स्वतः ठरवण्याचा हक्क, हाच नोकर आणि वेठबिगार यांच्यातला मुख्य फरक आहे. पुढे युरोपात १९७७ पासून आणि ब्रिटनमध्ये १९८१ पासून असे नियम आले की व्यवसाय विकला गेला तर कर्मचारी आपल्या अटींसकट नव्या मालकाकडे जातात. तरीही कोणालाही जबरदस्तीने नेता येत नाही. ब्रिटनमध्ये कर्मचारी आक्षेप नोंदवू शकतो, मात्र मग त्याचा करार तिथेच संपतो.

मग खेळात संमतीशिवाय मालक बदलणं चालतं कसं? याचं उत्तर अमेरिकी बेसबॉलच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास माहीत नसताना खेळाडूंचं उदाहरण देणं मला खटकतं. कर्ट फ्लड सेंट लुईस कार्डिनल्स या संघाकडून बारा हंगाम खेळला. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला फिलाडेल्फियाला ट्रेड केलं गेलं. तेव्हाच्या करारात राखीव कलम असायचं. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहायचा, म्हणजे संघ सोडेल त्याच दिवशी तो मोकळा. २४ डिसेंबर १९६९ ला फ्लडने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिलं की माझ्या इच्छेचा विचार न करता खरेदी-विक्री व्हावी अशी मी कोणाची मालमत्ता नाही. त्याचा वार्षिक पगार तेव्हा ९०,००० डॉलर होता, त्या काळात फार मोठा. एवढे पैसे मिळणाऱ्याने तक्रार कसली करायची, असं त्याला टीव्हीवर विचारलं गेलं. चांगला पगार मिळणारा गुलामही गुलामच असतो, असं त्याने उत्तर दिलं. १९७० चा संपूर्ण हंगाम तो खेळला नाही. १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. त्याची कारकीर्द त्याआधीच आटोपली होती.

खटला हरला, पण खेळाडूंची संघटना थांबली नाही. १९७३ च्या सामूहिक करारात नियम आला की ज्याची दहा वर्षं मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, झाली आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात, तो ट्रेड नाकारू शकतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शिकागो कब्जच्या रॉन सँटोने कॅलिफोर्निया एंजल्सकडे जायला नकार देऊन हा हक्क पहिल्यांदा वापरला. तो पुढे शिकागोतल्याच दुसऱ्या संघात, व्हाइट सॉक्समध्ये गेला. म्हणजे शहर सुटलं नाही. १९७५ च्या अखेरीस पीटर सीट्झ या लवादाने राखीव कलमाचा अर्थ मर्यादित केला आणि करार संपल्यावर मोकळं होण्याचा रस्ता उघडला.

या सगळ्यातून मला दिसतं ते असं. आज खेळाडू संमतीशिवाय ट्रेड होतो, कारण त्याच्या संघटनेने वाटाघाटीत तो हक्क सोडला आहे आणि त्याची किंमत वसूल केली आहे. एनबीएमध्ये ही किंमत अगदी आकड्यांत दिसते. करारात ट्रेड बोनस असू शकतो, म्हणजे ट्रेड झालाच तर कराराच्या उरलेल्या रकमेच्या जास्तीत जास्त १५ टक्के जादा. आठ वर्षं लीगमध्ये आणि त्यातली चार त्या संघात काढलेला खेळाडू नव्या करारात ट्रेडला नकार देण्याचं कलम मागू शकतो. ब्रॅडली बीलने ते वॉशिंग्टनकडून २०२२ मध्ये मिळवलं. २०२३ मध्ये तो फीनिक्सला गेला तो त्याच कलमाच्या जोरावर, स्वतःची पसंती सांगून, आणि ते कलम त्याच्या सोबत नव्या संघातही गेलं. शिवाय एनबीएत पगाराची हमी बहुतेक करारांत पक्की असते. नव्या संघाने दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं तरी हमी दिलेले पैसे द्यावेच लागतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये हमी बरीच कमी असते आणि तिथला ट्रेड त्या प्रमाणात कठोर.

तुमच्या नियुक्तिपत्रात काय आहे? "संस्थेच्या गरजेनुसार आपली बदली कुठल्याही ठिकाणी करता येईल." बहुतेक पत्रांत हे एका ओळीत असतं. त्या ओळीच्या बदल्यात तुम्हाला काय मिळालं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. नोकरी लागल्याच्या आनंदात कोणी ते विचारत नाही. त्यात तुमचा दोष नाही. खेळाडूच्या बाजूने प्रतिनिधी आणि संघटना बसलेली असते, तुम्ही त्या टेबलावर एकटे होता.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण ती खरी आहे. तुमच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी कुठल्याही ट्रेड झालेल्या खेळाडूकडे नाही. तुम्ही राजीनामा देऊन दुसरीकडे तेच काम करू शकता. लीग बंदिस्त असते. करार चालू असताना खेळाडू "मला नको" म्हणाला तर तो दुसऱ्या संघाकडे जाऊ शकत नाही, फक्त घरी बसू शकतो. एनबीएतल्या लुका डॉन्चिचचं उदाहरण बघा. फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला डॅलसच्या संघाने त्याला लॉस एंजेलिस लेकर्सकडे पाठवलं. वय २५, संघाचा सर्वांत मोठा खेळाडू, आणि त्याला आधी कल्पनाही नव्हती. त्याचं आणखी एक नुकसान झालं, त्याच्याकडे फार जणांचं लक्ष गेलं नाही. एनबीएतला सर्वांत मोठ्या रकमेचा करारवाढीचा प्रकार खेळाडूला सुरुवातीपासूनच्या संघाकडूनच मिळू शकतो. पहिल्याच करारात असताना ट्रेड झाला तर त्याला अपवाद आहे, पण डॉन्चिच त्या टप्प्याच्या पुढे गेला होता. संघ बदलताच ती पात्रता गेली. नोकरीत सेवाज्येष्ठतेचं जे होतं त्याच्याशी हे फार जुळतं. अनेक संस्थांत एका संवर्गातून दुसऱ्या संवर्गात गेलं की ज्येष्ठतेच्या यादीत माणूस तळाला जातो, आणि आदेशात त्याचा उल्लेख नसतो.

राजीनाम्याचा हक्क कागदावर दिसतो तेवढा मोकळा नसतो, हेही मी पाहिलं आहे. लांबलचक नोटीस पीरियड, प्रशिक्षणाचा बाँड, ठरावीक तारखेपर्यंत थांबलं तरच मिळणारा बोनस, प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याची अट. यातलं जितकं तुमच्या करारात आहे तितके तुम्ही खेळाडूच्या जवळ सरकता. मग खेळाडूसारखी भरपाई मागण्याचा तुमचा आधारही तितकाच वाढतो.

जगातल्या फुटबॉलमध्ये आणि आयपीएलमध्ये तर खेळाडूच्या संमतीशिवाय असं होतच नाही. फुटबॉलमध्ये क्लब आपसात रक्कम ठरवतात, पण खेळाडूने नव्या क्लबशी स्वतः करार केल्याशिवाय काहीही घडत नाही. आयपीएलच्या लिलावात संघ निवडता येत नाही, मात्र लिलावानंतरच्या ट्रेडला खेळाडूची संमती लागते. त्यामुळे "खेळाडूंना असंच हलवतात" हे विधान मुळात काही उत्तर अमेरिकी लीगपुरतंच खरं आहे. फुटबॉललाही इथवर यायला न्यायालयाचा धक्का लागला. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमनचा करार १९९० मध्ये संपला होता, तरी त्याचा क्लब त्याला सोडण्यासाठी पैसे मागत होता. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाने करार संपल्यानंतरची ही वसुली बेकायदा ठरवली.

मला या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा मात्र पैशाचा नाही. ट्रेडमध्ये समोरच्या संघाने तुम्हाला मागितलेलं असतं आणि तुमच्यासाठी काहीतरी दिलेलं असतं, एखादा खेळाडू किंवा भविष्यात नवा खेळाडू निवडण्याचा हक्क. म्हणून तुम्ही तिथे यशस्वी व्हावं यात त्यांचा स्वार्थ असतो. (केवळ पगाराचे आकडे जुळवण्यासाठीही काही खेळाडू ट्रेडमध्ये घातले जातात. त्यांचं नव्या संघात फारसं कोणी स्वागत करत नाही, हेही खरं.) नोकरीतल्या बदलीत तुम्हाला घेणाऱ्या विभागाने बहुतेक वेळा काहीच दिलेलं नसतं आणि कित्येकदा मागितलेलंही नसतं. वरून आदेश येतो, तिथल्या प्रमुखाला एक माणूस मिळतो, आणि त्याच्या मनात पहिली शंका हीच येते की हा माणूस तिथे नको झाला होता का. मी हाताळलेल्या ज्या बदल्या फसल्या त्यातल्या बहुतेकांची मुळं इथे होती. कामाची पात्रता पूर्ण होती, पण वाट बघणारं कोणी नव्हतं. म्हणून बदलीचा आदेश आला की वरिष्ठांना पहिला प्रश्न हा विचारा: मला कोणी मागितलं, आणि कशासाठी? नाव मिळालं तर त्या व्यक्तीशी रुजू होण्याआधीच बोला. नाव मिळालंच नाही, तर बाकी सगळ्या अटी दुप्पट काळजीने लिहून घ्या.

बातमी कशी सांगितली जाते, हेही दोन्हीकडे सारखंच महत्त्वाचं. २९ जुलै २०१५ ला न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचा विल्मर फ्लोरेस सामना खेळत असताना त्याच्या ट्रेडची बातमी फोनवरून प्रेक्षकांपर्यंत आधी पोहोचली आणि प्रेक्षकांकडून त्याच्यापर्यंत. सोळाव्या वर्षापासून तो याच संस्थेत होता. तो मैदानावर उभा राहून डोळे पुसत होता आणि ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पुढे वैद्यकीय मुद्द्यावर तो ट्रेड रद्दच झाला आणि दोन दिवसांनी फ्लोरेसने त्याच मैदानावर सामना जिंकून देणारा होम रन मारला. लोकांना शेवटचा भाग आवडतो. मला मधला भाग जास्त लागतो. माणसाला स्वतःविषयीचा निर्णय तिसऱ्याकडून कळू देणं ही व्यवस्थापनाची हयगय आहे, मग तो खेळाडू असो की लेखा विभागातला कर्मचारी. तुमच्या बदलीची कुजबुज तुमच्याआधी कार्यालयात पोहोचली असेल, तर तसं लेखी नोंदवायला संकोच करू नका.

हेतूचा प्रश्नही असतो. बदली शिक्षा म्हणून वापरली जाते हे सगळ्यांना माहीत आहे आणि सिद्ध करणं अवघड आहे. जानेवारी २०२३ मध्ये डब्ल्यूएनबीए या महिलांच्या बास्केटबॉल लीगमधल्या लास व्हेगास एसेस संघाने डिअरिका हॅम्बीला लॉस एंजेलिसला ट्रेड केलं. ती तेव्हा गरोदर होती, आणि त्यामुळेच आपल्याला हलवल्याचा आरोप तिने जाहीरपणे केला. लीगने चौकशी करून प्रशिक्षक बेकी हॅमन यांना दोन सामन्यांसाठी बिनपगारी निलंबित केलं आणि पहिल्या फेरीत नवा खेळाडू निवडण्याचा संघाचा एक हक्कही काढून घेतला. २०२४ मध्ये हॅम्बीने न्यायालयातही दावा लावला. तिचं म्हणणं विचारात घेतलं गेलं त्यात एका गोष्टीचा वाटा होता, असं मला वाटतं. काय बोललं गेलं, कधी बोललं गेलं, हे तिने लगेच आणि स्पष्ट सांगितलं. तुमच्या बाबतीत बदली तक्रारीनंतर, आजारपणाच्या रजेनंतर किंवा प्रसूतीच्या रजेच्या आसपास आली असेल, तर तारखा आजच एका कागदावर उतरवा. आठवणीवर सोडू नका.

आता एक धोका, जो तुमच्या प्रश्नात नाही पण तपासायला हवा. आदेशावर कुठल्या कंपनीचं नाव आहे ते बघा. मोठ्या समूहांत "बदली" म्हणून जे पत्र येतं ते कधी कधी समूहातल्या दुसऱ्याच कंपनीचं असतं. बोधचिन्ह तेच, इमारत तीच, पण कायद्याने मालक वेगळा. ही बदली नव्हे, हा खराखुरा ट्रेड आहे, आणि खेळाडूला मिळणाऱ्या संरक्षणाशिवायचा. अशा वेळी जुन्या कंपनीत राजीनामा आणि नव्या कंपनीत नवं नियुक्तिपत्र असा मार्ग सुचवला जातो. त्यात सलग सेवा तुटते, शिल्लक रजा बुडते, प्रोबेशन पुन्हा सुरू होतं, आणि सेवेच्या वर्षांवर अवलंबून असलेले सगळे लाभ शून्यापासून मोजले जातात. राजीनामा लिहू नका. तीन कागदांचा एक करार मागा: जुन्या कंपनीने सोडल्याचं, नव्या कंपनीने मूळ रुजू तारखेपासूनची सेवा मान्य केल्याचं, आणि अटी कमी होणार नाहीत याचं. ठरावीक मुदतीसाठी पाठवत असतील तर प्रतिनियुक्ती म्हणा, परतीची तारीख आणि परतल्यावरचं पद लिहून घ्या.

आणि वरिष्ठांना काय म्हणायचं? भांडण नको. तुलना त्यांनीच काढली आहे, तिचाच आधार घ्या. "मला ती तुलना मान्य आहे. खेळाडूचा पगार आणि अटी जशाच्या तशा जातात, कुटुंब हलवण्याचा खर्च नवा संघ देतो आणि बरीच वर्षं खेळलेल्या खेळाडूच्या मताला वजन असतं. माझ्यासाठी हे तीन मुद्दे आपण लिहून घेऊ या का?" मग मागण्या नेमक्या ठेवा. मुलांचं शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत मुदत किंवा तोवर आठवड्यातून काही दिवस इथूनच काम. सामान, प्रवास आणि पहिल्या काही आठवड्यांच्या निवासाचा खर्च. शहर बदलल्यामुळे भत्ता घटत असेल तर तेवढी वैयक्तिक भरपाई. ज्येष्ठतेची सध्याची जागा. यंदाच्या कामाचं मूल्यमापन कोण करणार, जुने वरिष्ठ की नवे. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात, आणि वर्षाच्या मध्यात बदली झाली की त्या वर्षीची वेतनवाढ याच फटीतून निसटते.

सगळं मिळणार नाही. खर्च आणि मुदत बहुधा मिळते, भरपाई क्वचित, ज्येष्ठतेचं लेखी आश्वासन मागणाऱ्यालाच. पण हे सगळं कार्यमुक्तीच्या आदेशाआधी मागायचं असतं. एकदा नव्या जागी रुजू होऊन हजेरी लागली की तुम्ही अटी मान्य केल्या असं धरलं जातं, आणि त्यानंतर केलेला अर्ज तक्रारीच्या फाइलमध्ये जातो. रुजू व्हावंच लागलं तर रुजू अहवालावरच एक ओळ लिहा की अमुक तारखेच्या माझ्या अर्जातील मुद्दे प्रलंबित ठेवून रुजू होत आहे, आणि पोहोच म्हणून सही-शिक्का घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवा.